वाडा उठविला

ज्या युद्धाची हकीकत मी येथे नमूद करीत आहे, त्या युद्धात रक्ताचा एकही थेंब सांडला नाही. तरीसुद्धा चार हजार राक्षस आणि चाळीस अग्निमुखी हत्ती यांच्यासमोर मी माझ्या नऊशे शिपायांसह उभा होतो, ही गोष्ट सत्य आहे. आणि तिचा पुरावा म्हणून एकूण सदतीस पोस्टकार्डे माझ्या पत्र्याच्या पेटीत सुतळीने बांधून ठेवलेली आहेत.

माझे नाव बिरू मारकड. राहणार शेळगाव, तालुका इंदापूर. शिक्षण सातवीपर्यंत, तेही सलग नव्हे. आमचे घराणे मेंढरे राखणारे. दिवाळी सरली की आमचा कळप घाट उतरून कोकणात जाई आणि उन्हाळ्याच्या अखेरीस देशावर परत येई. परत येऊन मी शाळेत उभा राहिलो की गुरुजी हजेरीपट उघडून दाखवीत. माझ्या नावावर तांबड्या शाईची आडवी रेघ असे आणि पुढे ‘नाव कमी केले’ असा शेरा. ते नाव पुन्हा लावून घेण्यात दर वर्षी महिना जाई. सातवीच्या वर्षी जी रेघ पडली ती मात्र कायमची राहिली. पुढे वडील निवर्तले, मेंढरे विकली, कालव्याखालची दोन एकर जमीन आई बानूबाई पाहू लागली आणि मी एका डेअरीच्या दुधाच्या टेम्पोवर चालक म्हणून लागलो. वाचनाचा नाद तेवढा सुटला नाही. बावड्याच्या ग्रंथालयातील एक कपाट मी वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत वाचून संपविले आहे. माझ्या भाषेत काही डौल आढळल्यास तो त्या कपाटाचा समजावा.

सन १९९५ च्या जानेवारी महिन्यात, बारामतीत दूध पोचवून परत फिरताना, वह्या-पुस्तकांच्या एका दुकानाबाहेर हाताने लिहिलेली सूचना माझ्या दृष्टीस पडली. ‘टपालाने खेळावयाचे महायुद्ध. नऊ राजे पाहिजेत.’ खाली पत्ता होता. मी गाडी बंद करून ती सूचना तीन वेळा वाचली. आयुष्यात अनेक ठिकाणी माणसे पाहिजेत असे मी वाचले होते. ड्रायव्हर पाहिजे, सालगडी पाहिजे, पहारेकरी पाहिजे. राजे पाहिजेत असे प्रथमच वाचत होतो. मी त्याच दिवशी अर्ज केला.

हा खेळ चालविणारे पुष्कर जोगळेकर सर कॉलेजात गणित शिकवीत असत. त्यांनी स्वतःच्या कल्पनेने एक खंड निर्माण केले होते. त्यात यक्ष होते, नाग होते, राक्षस होते, आणि त्या सर्वांची नऊ राज्ये होती. दर पंधरा दिवसांनी एक पाळी. प्रत्येक राजाने आपला आदेश एका पोस्टकार्डाच्या एकाच बाजूवर लिहून धाडावयाचा. सर ते सगळे आदेश पुढे ठेवून, फाशांविना, केवळ कोष्टकांच्या आधारे युद्धाचा निकाल लावीत आणि ‘रणवृत्त’ नावाचा कागद झेरॉक्स करून नऊ जणांना पाठवीत. रणवृत्ताच्या माथ्यावर नऊ राजांची खरी नावे बलाच्या क्रमाने छापलेली असत. जो राजा बाद होई, त्याच्या नावावर सर स्वतःच्या हाताने, पट्टी धरून, तांबड्या शाईची रेघ ओढीत.

पहिले रणवृत्त हाती आले तेव्हा मी माझे नाव शोधले. ते नववे होते, पण होते. ते मी आईला बोट ठेवून दाखविले. मनात एवढेच ठरविले की, या हजेरीपटावर रेघ पडू द्यावयाची नाही.

चिठ्ठीने माझ्या वाट्याला मेषपठार हे राज्य आले होते. नऊशे शिपाई, तीन हजार मेंढरे, तटबंदी नाही. इतर राजांनी त्या चिठ्ठीची कीव केली असावी. मला मात्र ते राज्य पाहताक्षणी ओळखीचे वाटले. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझा टेम्पो रोज सरांच्या गल्लीवरून जात असे. तरीही मी आदेशाचे कार्ड कधी त्यांच्या दारात टाकले नाही. खेळ टपालाचा होता. म्हणून मी ते शेळगावच्या पेटीत टाकी, ते इंदापूरला जाई आणि मग बारामतीला येई. नियम हा नियम असतो.

राक्षसांचे राज्य आप्पासाहेब या गृहस्थांकडे होते. ते इंदापूरचे वकील. चार पाळ्यांत त्यांनी यक्षांचा आणि नागांचा असे दोन राजे गिळंकृत केले होते व दोन नावांवर रेघा पडल्या होत्या. पाचव्या पाळीत त्यांचे सैन्य खिंड ओलांडून माझ्या पठारावर आले. राजांनी एकमेकांना पत्रे लिहिण्यास मुभा होती. त्यांचे कार्ड आले. ‘मेंढपाळ राजे, तीन हजार मेंढरांची यादी तयार ठेवा. आमचे हत्ती खाण्याच्या बाबतीत काटेकोर आहेत.’

हे वाक्य त्यांनी विनोदाने लिहिले, परंतु त्यातूनच मला युद्धाचा मार्ग दिसला. मी नियमांची आठ पाने पुढे घेऊन बसलो. कोणतेही सैन्य दोन पाळ्यांपुरताच शिधा सोबत नेऊ शकत असे. खिंडीपासून माझ्या राजधानीपर्यंत पठार ओलांडण्यास नेमक्या दोन पाळ्या लागत. याचा अर्थ असा की, राक्षस माझ्या दारात येतील तेव्हा त्यांची शिदोरी संपलेली असेल. पुढचे जेवण ते माझ्या कोठारातून करणार होते. कोठारच नसेल तर?

शिध्याविना गेलेल्या प्रत्येक पाळीत सैन्याचा तिसरा हिस्सा गळतो, असा सतरावा नियम होता. हत्ती तर पहिल्याच पाळीत पडत. आणि उपाशी सैन्य निम्म्या बळाने लढे. चार हजारांचे परतीच्या पहिल्या पाळीत दोन हजार सहाशे सदुसष्ट. दुसऱ्या पाळीत सतराशे अठ्ठ्याहत्तर. त्याचे निम्मे, आठशे एकोणनव्वद. माझे शिपाई नऊशे. मी हा हिशेब दुधाच्या पावत्यांच्या पाठीमागे तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा अकरा शिपाई माझेच जास्त भरले.

हत्तींना परतण्यास खिंडीवाचून वाट नव्हती. माझ्या माणसांना मात्र नकाशात दाखविलेली एक मेंढवाट होती, जी पठाराला वळसा घालून त्याच खिंडीच्या तोंडाशी निघे. तेव्हा सहाव्या पाळीत, शत्रू येऊन ठेपण्याआधीच, मी कार्ड लिहिले:

‘वाडा उठविला. धान्य, मेंढरे, बायामाणसे सगळी वाड्यात. खिंडीकडे तोंड.’

कार्डावर जागा शिल्लक होती. परंतु जे स्पष्ट आहे ते अधिक लिहिणे मला असभ्य वाटले.

दहा दिवसांनी रणवृत्त आले. दुधाचे कॅन उतरविणे बाजूला ठेवून मी ते उभ्याउभ्याच फोडले. माझे नाव पहिले होते! नवव्या स्थानावरून एकदम पहिले. मी खाली वाचू लागलो. ‘मेषपठाराच्या राजाने अतुल चातुर्य दाखवून एका पाळीत भव्य वाडा उभारला. धान्य, पशू व प्रजा आत घेतली. वाड्याचे महाद्वार खिंडीकडे ठेवले. तटबंदीमुळे नऊशे शिपायांचे बळ पाचपट झाले. राक्षससेना तटावर आपटून फुटली. दोन हजार राक्षस ठार. उर्वरित सेना माघारी.’

मी ते पुन्हा वाचले. माझा आनंद तेथेच थबकला. असा वाडा मी उभारलाच नव्हता. सरांच्या वाड्याला दगडी तट होता, महाद्वार होते, बहुधा चौक आणि तुळशीवृंदावनही असावे. माझ्या वाड्याला घोडी होती, कुत्री होती, आणि मेंढरे कोंडावयाची जाळीची वाघर होती. आम्हा मेंढपाळांत वाडा म्हणजे वाटेवरचा मुक्काम. सारे बिऱ्हाड आणि सारा कळप मिळून वाडा. तो उठविला म्हणजे घोड्यावर लादून पुढे चालता केला. सरांनी तो उठविला म्हणजे उभा केला असे वाचले. शब्द तेच आणि राजाही तोच, पण युद्ध निराळेच झाले.

घरी येऊन आईला सर्व वाचून दाखविले. ती ज्वारी पाखडीत होती. तटावर राक्षस आपटले या ठिकाणी तिने सूप थांबविले.

“आन् तट बांधाय दगूड कुठनं आणला?” तिने विचारले.

मी म्हणालो, दगड नव्हताच, सरांनी शब्द निराळा समजला.

“मंग जिंकलं कोन? तुजा वाडा, का त्या सरांचा?”

मी रणवृत्ताची घडी घातली. आईने सूप पुन्हा हाती घेतले.

त्या आठवड्यात मला चार राजांची अभिनंदनाची कार्डे आली. स्वतः आप्पासाहेबांनी लिहिले, ‘राजे, असा तट आम्ही पाहिला नाही. मुजरा.’ ते कार्ड वाचताना मला चोरीचा सदरा अंगात घातल्यासारखे झाले. तीन वेळा जुळविलेला माझा हिशेब कोणी पाहिलाच नव्हता.

नियमांत हरकतीची सोय होती. आठ दिवसांत कार्ड टाकले तर सर रविवारी आपल्या घरी दोन्ही पक्षांना बोलावून सुनावणी घेत. हरकत लिहिण्यापूर्वी मी नियमावली पुन्हा उघडली, आणि पाचव्या नियमावर माझे बोट थांबले. ‘ज्या राजाच्या राजधानीवर शत्रूचा ध्वज लागेल, तो राजा बाद.’

आता ध्यानात आले की मी सत्य सांगितले तर माझा वाडा खिंडीकडे निघालेला ठरेल, राक्षस मोकळ्या माळावर पोचतील, आणि तेथे ध्वज रोवतील. नकाशावर त्या माळाला माझी राजधानी असेच म्हटलेले होते. अकरा शिपायांचा विजय मिळण्याआधीच माझ्या नावावर तांबडी रेघ पडेल. गप्प राहिलो, तर पहिल्या स्थानावर निवांत बसता येणार होते.

हा विचार मी शेळगावापासून बारामतीपर्यंत आणि बारामतीपासून शेळगावापर्यंत दोन दिवस केला. अखेर मला असे दिसून आले की, माझा वाडा जेथे नव्हता तेथे माझी राजधानी होती असे कोणी म्हणूच शकत नाही. हे मला स्वच्छ दिसत होते. दुसऱ्याला दाखविणे तेवढे बाकी होते. मी हरकतीचे कार्ड टाकले आणि पत्र्याच्या पेटीतून एक जुना कागद काढून खिशात ठेवला.

रविवारी सकाळी मी इस्त्रीचे कपडे करून सरांच्या घरी गेलो. आप्पासाहेब स्कूटरवरून इंदापुराहून आलेले होते. मी त्यांना प्रथमच पाहत होतो. राक्षसांच्या राजाचे शरीर किरकोळ होते आणि चष्मा जाड होता. सरांच्या पत्नी दीप्तीताई सर्व राजांची कार्डे फायलीत लावीत असत. त्यांनी माझे कार्ड काढून टेबलावर ठेवले आणि चहा आणला.

“बिरूराव,” आप्पासाहेब म्हणाले, “कोर्टात माझे केस पांढरे झाले. जिंकलेला माणूस अपिलात जाताना आज पहिल्यांदा बघतोय.”

मी त्यांना नमस्कार केला आणि सरांना सर्व समजावून सांगितले. सर कार्ड जवळ धरून पुनःपुन्हा वाचीत होते.

“म्हणजे वाडा उठविला म्हणजे बांधला नाही?”

“न्हाय सर. हलवला. घोड्यावर घातला आन् निघालो.”

“आणि खिंडीकडे तोंड?”

“खिंडीकडं निघालो, म्हून तिकडं तोंड.”

दीप्तीताई हसल्या आणि म्हणाल्या की, महाद्वार कोठून आले याचा त्यांना पहिल्यापासून संशय होता. सरांनी चष्मा पुसला. चूक त्यांची होती असे ते मोकळेपणाने म्हणाले. आणि गणिताच्या माणसाने शब्दापुढे इतके भाबडे असू नये असेही म्हणाले. त्यानंतर आप्पासाहेबांनी नियमावली पुढे ओढली. अपेक्षेप्रमाणे त्यांनी पाचवा नियम मोठ्याने वाचला.

“माझे सैन्य माळावर पोचले. ध्वज लागला. राजा बाद. मला वाईट वाटते बिरूराव, पण तुम्हीच दार उघडलेत.”

सरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या खिशाला तांबडे पेन होते, ते मला दिसत होते. मी माझ्या खिशातील कागद काढून आप्पासाहेबांपुढे ठेवला. तो माझा शाळा सोडल्याचा दाखला होता. त्यांनी तो वकिलाच्या सवयीने शिक्क्यापासून वाचण्यास आरंभ केला आणि एका ओळीवर थांबले.

“जन्मस्थळ वाडा, जिल्हा ठाणे. तुम्ही ठाण्याकडचे?”

“मी ठाणं बघितलं बी न्हाय.”

मग मी त्यांना माझ्या जन्माची हकीकत सांगितली. आमचा कळप कण्हेरीच्या शिवारात एका शेतात खतासाठी बसविलेला असताना मी जन्मलो. शाळेत घालताना आईला विचारले, मुलगा कोठे जन्मला? ती म्हणाली, वाड्यावर. ते लिहिले गेले. पुढे कोण्या कारकुनाने जिल्ह्याचा रकाना मोकळा दिसला म्हणून वाडा नावाचा तालुका शोधून तेथे ठाणे जिल्हा भरला. त्या दाखल्यावरून माझ्या ड्रायव्हिंग लायसनलाही मी ठाण्याचाच लागलो.

“आईला कण्हेरीचं नाव ठावं न्हवतं का?” मी म्हणालो. “व्हतं. पर दुसऱ्या दिशी त्या शेतात आमचं काय बी न्हवतं. वाडा फुडं गेला, मी वाड्यासंगं गेलो. तिनं खरं तेच सांगितलं. वाडा जितं उतरतो तितं आमचं समदं. मागं राहातो तो निसता माळ. त्या माळावर कुनी बी झेंडा लावावा, आमची ना न्हाय.”

आप्पासाहेबांनी दाखला नीट घडी घालून मला परत दिला. मग त्यांनी नियमावलीचे पहिले पान उलटले.

“सर, दुसरा नियम वाचा.”

सरांनी वाचला. ‘राजधानी म्हणजे राजा, त्याची प्रजा आणि त्याचे धान्य जेथे असेल ते स्थान.’

“आता यांचे कार्ड वाचा.”

सरांनी वाचले. ‘धान्य, मेंढरे, बायामाणसे सगळी वाड्यात.’

“झाले तर,” आप्पासाहेब म्हणाले. “व्याख्या तुमचीच, दस्तऐवज यांचा. राजधानी चालत होती. माझा ध्वज गवताला लागला. पाचवा नियम लागू होत नाही.” आणि चहाचा कप उचलून ते प्रसन्नतेने पुढे म्हणाले, “शिवाय तट नाही म्हटल्यावर माझे दोन हजार राक्षस जिवंत झाले. हत्तीही झाले. सौदा वाईट नाही.”

त्यांचे हे बोलणे मी पूर्ण होऊ दिले. मग सरांना विनंती केली की, आता त्यांनी शिध्याचे कोष्टक काढावे.

सरांनी कोष्टक काढले आणि त्यांची पेन्सिल चालू लागली. प्रथम त्यांनी चाळीस हत्तींवर काट मारली. दोन हजार सहाशे सदुसष्ट. सतराशे अठ्ठ्याहत्तर. आप्पासाहेबांनी कप बशीत ठेवला आणि खुर्ची सरांच्या बाजूला ओढली. निम्मे. आठशे एकोणनव्वद. सरांनी त्याखाली माझे नऊशे मांडले आणि वजाबाकी केली.

“अकरा,” आप्पासाहेब म्हणाले.

“व्हय. अकरा.”

“हे आज मोजलेत?”

“कार्ड टाकायच्या आदी.”

त्यांनी माझ्याकडे काही क्षण पाहिले. तट पाहून त्यांनी मला मुजरा लिहून धाडला होता. आता त्यांनी खिशातून पेन काढून माझा हिशेब आपल्या नियमावलीच्या समासात उतरवून घेतला. मला त्या मुजऱ्यापेक्षा हे अधिक मोलाचे वाटले. सरांनी त्यांना विचारले की, परतीचा आदेश आत्ताच देता काय. त्यावर आप्पासाहेब ताठ होऊन म्हणाले की, आदेश टपालाने येईल.

त्यांनी पुढे काय करून पाहिले नाही! हत्ती सोडून दिले, सैन्याच्या दोन तुकड्या केल्या, मेषपठारावर गवत खाण्याची परवानगी मागितली. राक्षस गवत खात नाहीत असे सरांनी कळविले. परंतु कोष्टक हे कोष्टक होते, आणि खिंडीवाचून वाट नव्हती. जून महिन्याच्या रणवृत्तात दोनच आकडे होते. राक्षससेना आठशे एकोणनव्वद, मेषपठार नऊशे. या खेपेला वर्णनात महाद्वार नव्हते. ‘राजाने वाडा उठविला’ एवढेच वाक्य सरांनी जसेच्या तसे छापले होते. सोबत नियमावलीचे पान होते, त्यात दुसऱ्या नियमाखाली त्यांनी हाताने एक ओळ वाढविली होती: ‘वाडा चालत असल्यास, राजधानीही.’

माथ्यावरील नऊ नावांत माझे नाव पहिले होते. आप्पासाहेबांचे पाचवे, पण तेही विनारेघ. त्यांची राजधानी शाबूत होती आणि राक्षस लवकर वाढतात. आईला मी तो कागद दाखविला, तेव्हा तिने या वेळी दगडांविषयी काही विचारले नाही. अकरा माणसे कोणती, असे मात्र विचारले. मी म्हणालो, ती कोणतीही असतील. ती म्हणाली की, त्यांना जेवण आधी घालत जा.

जुलै महिन्यात आप्पासाहेबांचे कार्ड आले. एकच ओळ होती. ‘राजे, सध्या वाडा कोठे उतरला आहे?’

मी त्याच दिवशी उत्तर लिहिले: ‘आहे तेथेच आहे.’ आणि ते शेळगावच्या पेटीत न टाकता, दुधाची फेरी घेऊन बावड्याला गेलो असता तेथील पेटीत टाकले. कारण वकील माणूस कार्डही टपालाच्या शिक्क्यापासून वाचावयास सुरुवात करतो.